नावात फरक, माणूस एकच

लग्नाचा दाखला, जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला आणि नावात फरक असेल तर एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र. कोषागारात कुटुंब निवृत्तिवेतनाच्या टेबलावर मी नोकरीभर हेच कागद मागत आले. निवृत्त होऊन मुलीकडे, ओहायोतल्या डब्लिनला राहायला आले आणि इथल्या यादवी युद्धातल्या काळ्या सैनिकांच्या पेन्शनच्या फाइली वाचायला लागले. त्यातले प्रश्न माझ्या ओळखीचे होते. उत्तरं मात्र अशी कधी वाचली नव्हती. जिच्या लग्नाला कायद्यानं लग्न मानलंच नव्हतं, जिचं नाव कुठे असलंच तर मालकाच्या मालमत्तेच्या यादीत होतं, अशा बाईकडे सरकार दाखले मागत होतं.

डब्लिनहून उत्तरेला गाडीनं अर्ध्या तासावर डेलावेअर गाव आहे. तिथं ओलेंटांजी नदीकाठच्या छावणीत १८६३ साली ओहायोची पहिली काळी पलटण उभी राहिली. आधी ती १२७वी ओहायो म्हणून, मग ५वी युनायटेड स्टेट्स कलर्ड ट्रूप्स म्हणून ओळखली गेली. काळ्यांना भरती करायला गव्हर्नर टॉड सुरुवातीला तयार नव्हते. काळे वकील जॉन मर्सर लँग्स्टन यांनी खटपट करून माणसं जमवली. त्या माणसांतला पॉव्हॅटन बीटी रिचमंडला गुलामीत जन्मलेला, मिल्टन हॉलंड टेक्ससात. २९ सप्टेंबर १८६४ रोजी न्यू मार्केट हाइट्सच्या लढाईत गोरे अधिकारी पडले तेव्हा या सार्जंटांनी कंपन्यांचं नेतृत्व केलं. या एका पलटणीतल्या चौघांना मेडल ऑफ ऑनर मिळालं. त्यांच्याबद्दल पुस्तकांत वाचायला मिळतं. पण युद्धात सुमारे १,७९,००० काळे सैनिक लढले आणि ४०,०००च्या आसपास मेले, त्यातले बहुतेक रोगराईनं. त्यांच्या मागे राहिलेल्या माणसांचा ठावठिकाणा लागतो तो मुख्यतः पेन्शनच्या कागदांत.

१८६२च्या कायद्यानं मेलेल्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना आठ डॉलर ठरले. एप्रिल १८६४ मध्ये फोर्ट पिलो इथं शरण आलेल्या काळ्या सैनिकांची कत्तल झाली आणि त्यांच्या विधवांचं काय, हा प्रश्न काँग्रेसला टाळता येईना. जुलैमध्ये कायदा झाला: दोन वर्षं पती-पत्नी म्हणून एकत्र राहिल्याचं विश्वासू साक्षीदारांनी सांगावं, म्हणजे लग्न धरलं जाईल. १८६६ साली दोन वर्षांची अटही गेली. कागदाच्या जागी माणसाची जबानी चालेल, हे त्या सरकारनं मान्य केलं. मी याला फार मोठी गोष्ट समजते. आमच्या टेबलावर हे कधी चाललं नसतं.

जबानी चालेल म्हटल्यावर ती तपासायला माणूस आला. शंका आली की पेन्शन ब्यूरो स्पेशल एक्झॅमिनर पाठवी. तो गावात मुक्काम करून शपथेवर विचारी: लग्न कुणी लावलं? मालकाची परवानगी होती? त्या वेळी कोण कोण हजर होतं? पहिला नवरा विकला गेला तो कुठे? मुलं किती, कुठल्या साली, सुईण कोण? मग नवऱ्याच्या तंबूतला सोबती, त्याच मळ्यावर राबलेली बाई, कधी जुना मालक किंवा त्याचा मुलगा, असे साक्षीदार एकामागून एक. सालं आठवत नसत. मग कुणी सांगे, मालकाच्या धाकट्या मुलीच्या वेळची माझी थोरली. खाली सहीच्या जागी फुली, आणि ती फुली तिचीच असल्याचं सांगणारे दोन साक्षीदार.

वंश शोधणाऱ्याला हे का हवं? १८५० आणि १८६०च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे, पण तिच्यात बहुतेक ठिकाणी मालकाचं नाव आणि त्याखाली नुसतं वय, लिंग, रंग. नावानिशी सगळे जण पहिल्यांदा दिसतात १८७० साली. त्याच्या मागे जायचं तर मालकाचं नाव कळायला हवं, म्हणजे त्याचं मृत्युपत्र, त्याच्या इस्टेटीची यादी उघडता येते. ते नाव जबानीत असतं. बहिणी कुठे विकल्या, आई कुणाकडे राहिली, हेही तिथेच.

नावाचा घोळ कसा होई ते हॅरिएट टबमनच्या प्रकरणात दिसतं. अनेकांना गुलामीतून बाहेर काढणारी, युद्धात हेरगिरी केलेली ही बाई. तिचा नवरा नेल्सन डेव्हिस ८व्या काळ्या पलटणीत होता. त्यांचं लग्न १८६९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ऑबर्नला चर्चमध्ये झालं. १८८८ साली तो गेला. १८९० साली नवा कायदा आल्यावर तिनं अर्ज केला, तर पलटणीच्या पटावर नाव नेल्सन चार्ल्स! चार्ल्स हे मालकाचं आडनाव, डेव्हिस बापाचं. दोघे एकच, हे सिद्ध करा. शिवाय पहिला नवरा जॉन टबमन मेला होता, हेही दाखवा. ओळखणाऱ्यांच्या साक्षी झाल्या, आणि १८९५ साली तिला महिना आठ डॉलर मंजूर झाले. पुढे १८९९ साली काँग्रेसनं ते वीस केले. जिला देशभर लोक ओळखत होते तिची ही गत, तर मिसिसिपीतल्या एखाद्या मळ्यावरच्या विधवेची काय झाली असेल? इतिहासकार डोनाल्ड शॅफर यांनी अर्ज मोजले आहेत: अर्ज करणाऱ्या गोऱ्या सैनिकांपैकी दहातल्या नऊहून अधिकांना पेन्शन मिळाली, काळ्यांपैकी चारातल्या तिघांना. काळ्या विधवांचं प्रमाण त्याहूनही खाली.

एक्झॅमिनर साक्षीदाराची पतही लिहून पाठवी, चांगली की बेताची. १८८२च्या कायद्यानं विधवा कुणा पुरुषाबरोबर राहत असेल तर पेन्शन बंद. मग शेजाऱ्यापाजाऱ्यांना तिच्या घरी कोण येतं-जातं ते विचारायचं. ही पानं वाचताना राग येतो. त्या बाईच्या खोलीत डोकावल्यासारखं वाटतं, आणि तरी तिच्या तोंडचे शब्द दुसरीकडे कुठेच उरलेले नाहीत, म्हणून मी वाचते.

कोकणातल्या माणसाला हे परकं वाटू नये. दापोलीच्या कॅम्पात पलटणींतले महार पेन्शनर राहत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी त्यांतलेच. महारांना सैन्याची दारं बंद झाल्यावर १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला, तेही निवृत्त सैनिकच. नोकरीचे कागद हातात असलेला माणूस सरकारला जाब विचारू शकतो, हे दोन्हीकडे दिसतं.

डब्लिनच्या वाचनालयात पूर्वज शोधणाऱ्या काही आजी येतात. मी त्यांच्याबरोबर बसते. सुरुवात अनुक्रमणिकेच्या कार्डापासून. त्यावर सैनिकाचं नाव, ‘उर्फ’ असलं तर तेही, पलटण, अर्जाची तारीख आणि नंबर. नंबर मिळाला की वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधून पूर्ण फाइल मागवायची. १८९८ आणि १९१५ साली ब्यूरोनं पेन्शनरांना छापील प्रश्न पाठवले होते: बायकोचं माहेरचं नाव, हयात मुलांची नावं आणि जन्मतारखा. ते पान आधी शोधायला मी सांगते. कार्डावर मंजुरीचा नंबर नसला की आजी हिरमुसतात. अशी फाइल मी मुद्दाम मागवायला लावते. सहज मंजूर झालेलं प्रकरण चार कागदांत संपतं. ज्या विधवेवर संशय घेतला, तिच्या फाइलीत पंधरा-पंधरा माणसं शपथेवर बोललेली असतात, आणि त्यांतलं एखादं आजीच्या घराण्यातलं निघतं.