पांढरा सेज

पांढरा सेज (शास्त्रीय नाव: साल्विया एपियाना) हे लॅमिएसी कुलातील सदाहरित, सुगंधी झुडूप आहे. तुळस व पुदिना याच कुलात मोडतात. अमेरिकेतील दक्षिण कॅलिफोर्निया आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया हे त्याचे मूलस्थान होय. 'सेजब्रश' या नावाने ओळखले जाणारे झुडूप मात्र सूर्यफुलाच्या कुलातील असून त्याचा साल्विया प्रजातीशी संबंध नाही.

== वर्णन ==
हे झुडूप सुमारे १ ते १.५ मीटर उंच वाढते. पाने समोरासमोर येतात व त्यांवर बारीक पांढरी लव असते. ही लव सूर्यप्रकाश परावर्तित करते व पानांतील पाण्याचे बाष्पीभवन कमी करते. पानांतील तेलात सिनिओल हा घटक मुख्य असतो. निलगिरी तेलातही तोच असल्याने दोन्हींच्या वासात साम्य जाणवते. फुले पांढरी ते फिकट जांभळी असून उंच दांड्यांवर येतात. फुलाची खालची पाकळी वर वळून मुख झाकते. ती दाबण्याइतके वजन असलेले भुंगे व मोठ्या मधमाश्या परागीभवन घडवून आणतात. 'एपियाना' हे नावही मधमाशीच्या लॅटिन नावावरून आले आहे. विलिस जेप्सन यांनी १९०८ मध्ये हे शास्त्रीय नाव दिले.

== आढळ ==
किनाऱ्यालगतच्या कोरड्या टेकड्यांपासून मोहावी व सोनोरन वाळवंटांच्या पश्चिम कडांपर्यंत ही वनस्पती आढळते. या प्रदेशात पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो.

== पारंपरिक उपयोग ==
काहुइया, कुमेयाय, लुइसेन्यो, चुमाश इत्यादी मूलनिवासी समाजांत या वनस्पतीला अन्न, औषध व धार्मिक विधी अशा तिन्ही अंगांनी महत्त्व आहे. बिया भाजून, दळून त्यांच्या पिठाची पेज करीत. कोवळे दांडे सोलून कच्चे खात. सर्दीवर पानांचा काढा किंवा वाफ घेत. सब्जाप्रमाणे ओले होताच बी बुळबुळीत होते. त्यामुळे डोळ्यात गेलेला कण काढण्यासाठीही त्याचा वापर होई. शुद्धीकरणासाठी पाने जाळून धूर केला जातो. झाडाला इजा न करता गरजेपुरतीच पाने घ्यावीत, असा या समाजांतील संकेत आहे.

== व्यापार व संवर्धन ==
पाने जाळून धूर करण्याची प्रथा मूलनिवासी समाजांबाहेर लोकप्रिय झाल्यावर वाळलेल्या पानांच्या जुड्यांना जगभर मागणी निर्माण झाली. बाजारातील बराचसा माल रानातून तोडलेला असतो. सॅन बर्नार्डिनो परगण्यातील नॉर्थ एटिवांडा संरक्षित क्षेत्रात अवैध तोडीच्या घटना घडल्या आहेत. शहरांच्या विस्तारामुळेही अधिवास घटत आहे. कॅलिफोर्निया नेटिव्ह प्लँट सोसायटी ही संस्था याविषयी जनजागृती करते. २०२२ मधील 'सेजिंग द वर्ल्ड' हा माहितीपट याच प्रश्नावर आहे. रानातील तोडीला पर्याय म्हणून रोपवाटिकेतील रोपे लावण्याचा पुरस्कार केला जातो.

== वाळवंटी बागेतील लागवड ==
या झुडपाला भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा होणारी रेताड किंवा मुरमाड जमीन लागते. चिकण माती असल्यास उंचवटा करून लागवड करतात. बियांची उगवण कमी व अनियमित असल्याने एकाच वेळी अधिक बिया पेरतात. कोवळ्या फांद्यांच्या छाटांपासूनही रोपे करता येतात. लागवडीस शरद ऋतू योग्य ठरतो, कारण हिवाळी पावसात मुळे खोल जातात. पहिल्या वर्षी माती कोरडी झाल्यावर खोलवर पाणी द्यावे लागते. मूळ धरलेल्या झाडाला उन्हाळ्यात वारंवार पाणी दिल्यास मुळे कुजून ते मरते. अतिउष्ण प्रदेशात अधूनमधून दिलेले पाणी व दुपारची थोडी सावली उपयोगी पडते. खताची सहसा गरज नसते. फुलोरा संपल्यावर वाळलेले दांडे छाटतात. मात्र जुन्या, पर्णहीन लाकडापर्यंत छाटणी केल्यास नवे फुटवे क्वचितच येतात.