बाभळीचे शास्त्रीय नाव

१७५३ पूर्वी युरोपीय वनस्पतिशास्त्रात नाव आणि लक्षण ही दोन भिन्न कार्ये नव्हती. खोड, पाने, काटे, शेंगा ह्यांचे वर्णन करणारे लांबलचक लॅटिन पद हेच त्या वनस्पतीचे नाव असे. नवी सजातीय वनस्पती सापडली की ते आणखी लांबे. लिनीअसच्या ‘स्पेसिज प्लांटारम’ ह्या ग्रंथाने नामकरणास वर्णनाच्या ओझ्यातून मुक्त केले. द्विपद नामातील उत्तरपद, म्हणजे जातिनाम, केवळ खूण ठरले. ते खरे असण्याची आवश्यकता उरली नाही. सुपारीच्या ‘अरेका कॅटेच्यू’ ह्या नावात कात आहे. वास्तविक कात प्रामुख्याने खैरापासून होतो, आणि खैराचेही जातिनाम ‘कॅटेच्यू’च आहे!

पूर्वपदाची गोष्ट निराळी. प्रजातिनाम हे नात्याविषयीचे विधान असते, म्हणून ज्ञान बदलले की तेही बदलते. लिनीअसने बाभळीस ‘मिमोसा निलोटिका’ म्हटले, म्हणजे ती लाजाळूच्या प्रजातीत बसविली. १८१३ मध्ये ती ‘अकेशिया’ झाली. हा शब्द तिचाच होता. डायॉस्कॉरिडीझ ह्या ग्रीक वैद्याने पहिल्या शतकात ‘अकाकिया’ म्हणून वर्णिलेला वृक्ष इजिप्तमधील ह्याच गोत्राचा काटेरी वृक्ष होय, आणि पुढे ह्या प्रजातीचा प्रमाणभूत नमुना म्हणून बाभूळच मानली गेली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस रेणवीय पुराव्याने ‘अकेशिया’ हे एकच कुल नसल्याचे दिसून आले. बाभूळ, खैर आणि ऑस्ट्रेलियातील सुमारे एक हजार जाती ह्यांना वेगळे करणे प्राप्त झाले. येथवर शास्त्राचे काम संपते. जुने नाव कोणत्या गटाने ठेवावे, हे कोणताही रेणू सांगू शकत नाही. अग्रक्रमाच्या नियमाने ते बाभळीकडे राहावयास हवे होते. परंतु बहुसंख्य जातींची नावे बदलू नयेत, ह्या कारणास्तव प्रमाण-नमुना ऑस्ट्रेलियन जातीचा करावा, असा प्रस्ताव आला व समितीने तो उचलून धरला. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय काँग्रेसच्या नामकरण विभागात ५४.९ टक्के मते प्रस्तावाविरुद्ध पडली. पण समितीची शिफारस फेटाळण्यास ६० टक्के मतांची अट असल्याने प्रस्ताव टिकला. आफ्रिकेतील व भारतातील अनेक अभ्यासकांना हा निर्णय रुचला नाही, आणि त्यांचे म्हणणे निराधार नव्हते. तथापि २०११ मध्ये मेलबर्न येथील काँग्रेसने निर्णय कायम केला.

बाभूळ आता ‘व्हॅचेलिया निलोटिका’ आहे. वाईट व आर्नट ह्यांनी १८३४ मध्ये, भारतीय द्वीपकल्पाच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात, चीनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या व्हॅचेल नामक एका पाद्र्याच्या स्मरणार्थ हे प्रजातिनाम योजिले होते. खैर ‘सेनेगॅलिया’त गेला. उत्तरपदे मात्र दोघांचीही जशीच्या तशी आहेत.