ट्राऊट : थंड पाण्याचा पाहुणा

शहरांतील अनेक उपाहारगृहांत ‘इंडियन सालमन’ या नावाने मिळणारा मासा वस्तुतः आपला रावस असतो. रावस समुद्रात व खाड्यांत आढळतो. सालमनच्या कुळाशी त्याचे नाते नाही. या कुळातील गोड्या पाण्याचा मासा भारतात जरूर आहे, पण तो पाहुणा म्हणून आला. त्याचे नाव ट्राऊट.

भारतात ट्राऊटच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात. ब्राऊन ट्राऊट मूळचा युरोपातील, तर रेनबो ट्राऊट उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातील आणि रशियाच्या कामचाटका प्रदेशातील. अंगावरील गुलाबी पट्ट्यावरून रेनबो सहज ओळखू येतो. ब्रिटिश अमदानीत गळाने मासेमारी करण्याच्या शौकापायी हे मासे येथे आणले गेले. काश्मीरसाठी १८९९ मध्ये पाठविलेली पहिली खेप वाया गेली. १९०० मधील दुसरी मात्र सुखरूप पोहोचली. पुढे हिमाचल प्रदेश, निलगिरी व मुन्नार येथेही ट्राऊट सोडण्यात आले. निलगिरीत टिकला तो तुलनेने अधिक उष्णता सोसणारा रेनबो.

थंड पाण्यात प्राणवायू अधिक विरघळतो आणि ट्राऊटला तो भरपूर लागतो. साधारण १० ते १८ अंश सेल्सिअस तापमान त्याला मानवते. पाणी २० अंशांपलीकडे गेले की त्याचे खाणे मंदावते. २५ अंशांच्या आसपास जिवावर बेतते.

महाराष्ट्रात त्याचे पालन अवघड ठरते ते यामुळेच. हिंगोली जिल्ह्यातील डोंगरकडा परिसरात उन्हाळी पारा चाळिशी ओलांडतो. अशा भागातील शेततळ्यांना रोहू, कटला व मृगळ हेच मासे योग्य. शेजारच्या तेलंगणात रंगारेड्डी जिल्ह्यातील कंदुकूर येथे बंदिस्त टाक्यांत पाणी थंड राखून व पुन्हा पुन्हा शुद्ध करून ट्राऊटपालन सुरू झाले आहे. मात्र या पद्धतीत भांडवल मोठे लागते आणि वीज अखंड हवी. पर्यायी सोय नसताना ती खंडित झाल्यास दाटीने वाढविलेले मासे अल्पावधीत गुदमरतात. बाजारातील चढा भाव पाहून या व्यवसायाकडे वळणाऱ्या शेतकऱ्याने आधी हा हिशेब मांडलेला बरा.

दुसरी बाजू पर्यावरणाची. जगातील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत रेनबो ट्राऊटचा समावेश आहे, कारण तो स्थानिक मासे व जलकीटक फस्त करतो. त्यामुळे नैसर्गिक प्रवाहात तो सोडणे धोक्याचे. दुसरीकडे, तापमानवाढीने डोंगरी ओढ्यांचे पाणी कोमट होत गेले, तर या पाहुण्याचाही आसरा आक्रसत जाईल.