कचरा कोणाचा? महाडपासून घंटागाडीपर्यंत

शहरातल्या कुठल्याही सोसायटीत एक प्रश्न ठरलेला असतो : जुनी गादी कोण नेईल? मोडका सोफा, बंद पडलेला टीव्ही, पाय तुटलेलं टेबल यांचं काय करायचं? उत्तरही ठरलेलं असतं : 'कचरावाल्या मावशींना सांगा.' मावशी ती गादी तीन मजले खाली कशी उतरवणार, कुठे नेणार आणि त्याचे तिला किती मिळणार, हे कोणी विचारत नाही. कोणीतरी नेईलच हे गृहीत आहे. हे गृहीत आलं कुठून, यावर आम्हाला बोलायचं आहे. कारण पर्यावरणाच्या पुस्तकात कचऱ्याचं शास्त्र सापडतं, पण त्याचा इतिहास सापडत नाही. तो आपल्या वस्तीत सापडतो.

गावगाड्यात कचऱ्याची व्यवस्था पक्की होती. मेलेलं ढोर ओढायचं ते महारांनी. गावाची रखवाली, सांगावे आणि निरोप, सरकारी माणसांची बेगार यांच्यासोबत ही घाणही महारकीत बसवलेली होती. मोबदल्यात तुकडाभर वतनी जमीन आणि दारोदार मागून आणायचं बलुतं. आजच्या भाषेत सांगायचं तर गावाने घनकचऱ्याचा ठेका दिला होता. फक्त तो पिढ्यान्‌पिढ्यांचा होता आणि सोडायची सोय त्यात नव्हती.

मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद भरली ती चवदार तळ्याच्या पाण्यासाठी, हे आपल्याला पाठ आहे. त्याच परिषदेत मेलेली ढोरं ओढणं आणि मृत मांस खाणं सोडण्याचं आवाहनही झालं होतं. गावोगाव लोकांनी ढोरं ओढायचं थांबवलं, मग बहिष्कार आले, मारहाण झाली. याच काळात एक मजेशीर युक्तिवाद पुढे आला. बाबासाहेबांनी तो १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितला आहे. 'केसरी'त कोणीतरी हिशेब मांडला होता की ढोरं ओढणं सोडल्याने महारांचं कातडं, शिंगं, हाडं यांचं वर्षाकाठी पाचशे रुपयांचं नुकसान होतं. बाबासाहेबांचं उत्तर असं की एवढा फायदा असेल तर तो तुम्ही घ्या, वर मी पाचशे रुपये देतो. पुढे कोणी आलं नाही! हा किस्सा हसून सोडून देण्यासारखा नाही. 'कचऱ्यात सोनं आहे' असं आज जे सांगितलं जातं, त्याचं हे जुनं रूप आहे. सोनं असेल तर ते उचलायला ठरावीक जातीच का लागतात, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित राहिला आणि आजही आहे.

ज्या १९२७ साली महाड घडलं, त्याच १९२७ साली मुंबईत देवनारचं डम्पिंग ग्राउंड सुरू झालं. हा योगायोग आहे, पण बोलका आहे. गावातून सुटू पाहणारा माणूस शहरात येत होता आणि शहर त्याच्यासाठी तेच काम तयार ठेवत होतं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात पाणीपट्टीच्या जोडीला 'हलालखोर कर' नावाची पट्टी होती. कराच्या नावातच काम करणाऱ्यांची जमात! मैला उचलणाऱ्यांची ओळख थेट कायद्यात कोरली गेली. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे : सार्वजनिक कुंडीत पडलेली प्रत्येक वस्तू महापालिकेच्या मालकीची. ही मालकीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

गांधीजींनी भंगीकाम हे थोर सेवाकार्य म्हणून गौरवलं. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात या गौरवाचा समाचार घेतला : इथे माणूस काम करतो म्हणून भंगी ठरत नाही, जन्माला येतो म्हणून ठरतो, आणि त्या कामाचं कौतुक म्हणजे त्याला तिथेच ठेवण्याची युक्ती. पण हेच बाबासाहेब मुंबईच्या सफाई कामगारांसाठी म्युनिसिपल कामगार संघ उभा करतात. संपाचा हक्क कापणाऱ्या विधेयकाविरुद्ध विधिमंडळात बोलतात आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला गिरण्यांसह सारं मुंबई शहर बंद करण्यात पुढे असतात. काम सोडा असं सांगणं आणि काम करणाऱ्याचा हक्क मागणं, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच वेळी केल्या. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण पुढचा वाद इथूनच सुरू होतो.

त्याआधी एक भाबडी समजूत दूर करू. 'पूर्वी काहीच वाया जात नव्हतं' असं सांगणारे लेख दिवाळी अंकांत दर वर्षी येतात. खरं आहे, बोहारीण जुनी लुगडी घेऊन भांडं द्यायची, पिंजारी गादीचा कापूस पिंजून नवा करायचा, कल्हईवाला पातेलं उजळायचा, रद्दीवाला कागद न्यायचा. पण ही सगळी माणसं कोणत्या जातीजमातींची होती, कोणत्या वस्त्यांत राहायची आणि त्यांना दारात कुठवर येऊ दिलं जायचं? वस्तूला दुसरं आयुष्य देणाऱ्याला समाजाने पहिलं आयुष्यही धड दिलं नाही. आज फोमची गादी आली, तिला पिंजारी चालत नाही. थर्मोकोल आलं, वेफर्सचं चकचकीत पाकीट आलं. त्यांना भंगारवाला हात लावत नाही. दुरुस्त करणारी माणसं गेली, उचलणारी मात्र तिथेच राहिली.

१९७२ चा दुष्काळ आठवा. मराठवाड्यातून, सोलापूर भागातून माणसं पुण्या-मुंबईकडे सरकली. त्यात मातंग आणि बौद्ध कुटुंबं मोठ्या संख्येने होती. शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. पुण्यात बायकांच्या हाती उकिरड्यावरचा कागद, काच, पत्रा आला. पाठीवर पोतं, दुकानात काटा मारणारा भंगारवाला, रस्त्यात चोरीचा आळ घेणारा पोलीस. नव्वदच्या दशकाच्या आरंभी एका खासगी उद्योजकाने घरोघरचा कचरा गाडीने उचलायला सुरुवात केली, तेव्हा या बायकांनी गाड्या अडवल्या. त्या लढ्यातून मे १९९३ मध्ये, हमाल पंचायतीच्या बाबा आढावांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या मेळाव्यात, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. संघटनेच्या ओळखपत्रावर महापालिकेची मान्यता मिळवली गेली. कागदाच्या त्या तुकड्याची किंमत पोलीस चौकीत बसवून ठेवलेल्या बाईलाच कळेल. २००८ मध्ये 'स्वच्छ' सहकारी संस्थेचा महापालिकेशी करार झाला आणि उकिरड्यावरची बाई दारावरची सेवा देणारी झाली. नागरिकांनी दरमहा शुल्क द्यायचं आणि सुका माल विकायचा हक्क तिचा.

इथे तो मालकीचा मुद्दा येतो. कचरा जोवर नुसती घाण होता, तोवर तो जातीचा होता. त्याला टनामागे पैसे मिळू लागले, तसा तो ठेकेदाराचा झाला. सर्वोच्च न्यायालयातल्या याचिकेनंतर २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. महापालिकांनी गाड्या आणि ठेके वाढवले, पण वेचणाऱ्या माणसाला त्यात जागा नव्हती. ती २०१६ च्या नियमांनी दिली, तीही कागदावर. पुण्यातही करार संपत आला की मुदतवाढीची वाट पाहायची आणि ठेकेदाराची चर्चा ऐकायची, हे त्या बायकांच्या वाट्याला आलंच.

मुंबईत ठेकेदारी आणखी पुढे गेली. कचरा उचलणाऱ्या कामगारांना कागदोपत्री 'स्वयंसेवक' आणि त्यांच्या पगाराला 'मानधन' म्हटलं गेलं, म्हणजे कामगार कायदा लागूच नको. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षं लढा दिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल उचलून धरला, तोवर किती जण आजाराने गेले होते! हे कामगार बहुतांश दलित. महारकी १९५८ च्या कायद्याने संपली असं आपण मानतो. ठेकेदाराच्या हजेरीपटावर ती शोधून पाहा.

आपल्यातलेच काही मित्र म्हणतात की बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली असताना कचरावेचकांची संघटना बांधणं म्हणजे त्यांना त्याच कामात अडकवणं. आम्हाला हे पटत नाही. पन्नाशीच्या मावशीला 'सोडा' म्हणून सांगायचं आणि दुसरं काही द्यायचं नाही, याला मुक्ती म्हणत नाहीत. तिला हातमोजे, काट्यावर खरं वजन, आजारपणाचं संरक्षण आणि भरपूर मोबदला मिळाला, तरच तिची मुलगी कॉलेजात टिकते आणि त्या धंद्यातून बाहेर पडते. ढोर ओढणं सोडताना आपल्या लोकांकडे पर्याय होता असंही नाही, हे मान्य. पण तिथे मागे हटणारी अख्खी वस्ती होती. इथे एकेकटी बाई आहे आणि ती सोडेल त्या क्षणी ठेकेदार दुसरी एकटी बाई आणतो.

२०१३ मध्ये पुण्याच्या कचरावेचकांनी एक काम केलं ते आपल्या तरुणांनी अभ्यासावं. वापरलेले सॅनिटरी नॅपकिन हाताने वेगळे करण्याला कंटाळून त्यांनी ते पिशव्यांत भरले आणि बनवणाऱ्या कंपन्यांकडेच परत पाठवले. ज्याने बनवलं त्याने विल्हेवाटीची जबाबदारी घ्यावी, हा तो रोख. २०१६ च्या नियमांत अशा उत्पादकांनी गुंडाळायला पाकीट द्यावं अशी तरतूद आली. हाच हिशेब फोमच्या गादीला आणि टीव्हीलाही लावता येतो. ई-कचऱ्याच्या नियमांत उत्पादकाची जबाबदारी लिहिलेलीच आहे, तरी तांब्यासाठी वायर जाळणारी पोरं वस्तीवस्तीत दिसतातच. गादी-सोफ्याचं तर उत्पादक नावही काढत नाही. पुण्यात 'स्वच्छ'ची माणसं असा अवजड माल उचलतात. बहुतेक गावांत तो नाल्यात जातो, आणि पावसाळ्यात त्याच नाल्याचं पाणी कोणाच्या घरात शिरतं ते तुम्हाला सांगायला नको.

२०१६ च्या नियमांनी कचरावेचकांची नोंदणी करण्याची योजना राज्याकडे आणि त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेकडे दिली. तेव्हा आपल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका. किती कचरावेचकांची नोंद झाली, किती ओळखपत्रं दिली, घंटागाडीचा ठेका कोणाला आणि किती वर्षांसाठी, त्या गाडीवरच्या कामगाराला किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळतो का, अवजड वस्तू उचलण्याची सोय काय आणि त्याचे दर किती, हे सगळं विचारता येतं. उत्तर तीस दिवसांत द्यायचं असतं. नाही आलं तर पहिलं अपील. आणि ज्यांनी अर्ज टाकला, त्यांनी उत्तराची प्रत आधी गाडीवरच्या कामगारांना वाचून दाखवावी.