जॉर्ज स्ट्रीटवरचा दस्तरखान

आमच्या शाळेतले एक ज्येष्ठ शिक्षक निवृत्त झाले, तेव्हा आम्ही सहकाऱ्यांनी वर्गणी काढून मुंबईतल्या एका बड्या हॉटेलात त्यांना जेवण दिले. मास्तर लोकांनी अशा ठिकाणी जायचे म्हणजे आधी दोन दिवस हिशेब करणे आलेच. जाड पुठ्ठ्याच्या मेनूकार्डावर इंग्रजीत निहारी छापलेली आणि खाली तिचा नवाबी इतिहास. घड्याळात रात्रीचे साडेनऊ. 'नहार' म्हणजे दिवस, आणि निहारी ही पहाटेच्या नमाजनंतर खायची चीज, हे उर्दूच्या मास्तरांना कुणी सांगायला नको. परंतु वाढणारा मुलगा इतक्या अदबीने समजावून सांगत होता, की आम्ही मुकाट्याने ऐकून घेतले. त्या कार्डावर नवाब होते, बेगमा होत्या. बावर्ची मात्र कुठेच नव्हता.

तिथे बसल्या बसल्याच आम्हाला शेख दीन मुहम्मद आठवले.

हिंदुस्थानी जेवण टेबल-खुर्चीवर, साहेबी थाटात, पैसे घेऊन वाढण्याचा पहिला मोठा प्रयोग दिल्लीत वा लखनौत झाला नाही. तो लंडनमध्ये झाला, 1810 साली. आणि तो करणारा माणूस पाटण्याचा होता. दीन मुहम्मदचा जन्म 1759चा. वडील कंपनी सरकारच्या बंगाल फौजेत होते. ते लढाईत गेले, तेव्हा पोरगा दहा-अकरा वर्षांचा. बेकर नावाच्या एका आयरिश अधिकाऱ्याच्या मागे तो छावणीत शिरला आणि पुढे सुभेदार झाला. 1784मध्ये त्याच अधिकाऱ्याबरोबर तो आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोचला. तिथे इंग्रजी शिकला आणि जेन डॅली या आयरिश मुलीशी लग्न केले. लग्नासाठी त्याने धर्म बदलला असे सांगतात. आपल्यातले काही जण ही गोष्ट आली की घसा खाकरून विषय बदलतात. आम्हाला त्यात बदलण्याजोगे काही दिसत नाही. नाव त्याने अखेरपर्यंत मुहम्मदच ठेवले. 1794मध्ये त्याने आपला प्रवास पत्ररूपाने छापला. हिंदी माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते.

लंडनच्या पोर्टमन स्क्वेअर भागात तेव्हा हिंदुस्थानातून गबर होऊन परतलेले कंपनीचे साहेब राहत. लोक त्यांना चिडवून 'नेबॉब' म्हणत; आपल्या 'नवाब'चाच तो अपभ्रंश. त्यांच्या शेजारी, 34, जॉर्ज स्ट्रीटवर दीन मुहम्मदने 'हिंदोस्तानी कॉफी हाउस' उघडले. नाव कॉफीचे, पण खरा मामला जेवणाचा. वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातील देखाव्यांची चित्रे, आणि जेवणानंतर अस्सल तंबाखूची चिलीम भरलेला हुक्का. 1811मध्ये त्याने 'टाइम्स'मध्ये जाहिरात दिली, तीही थेट उमराव लोकांना उद्देशून. इंग्लंडात याच्या तोडीची करी कधी झाली नाही, असा तिचा आशय. या माणसाला संकोच ठाऊक नव्हता!

त्या हॉटेलच्या पदार्थांची हाताने लिहिलेली एक यादी 2018मध्ये लंडनच्या दुर्मिळ पुस्तकांच्या बाजारात साडेआठ हजार पौंडांना विकली गेली. पंचवीस पदार्थ. चिकन करी 12 शिलिंग, लॉब्स्टरची करीही तितक्यालाच, आणि अननसाचा पुलाव तब्बल 1 पौंड 16 शिलिंग. हे वाचल्यावर आमच्या त्या रात्रीच्या बिलाबद्दल तक्रार करण्याची सोय राहिली नाही. यादीत 'कूलमा' असाही एक पदार्थ आहे. आम्ही थबकलो, दोनदा मोठ्याने उच्चारून पाहिला, आणि उलगडा झाला. कोरमा! लिहून घेणाऱ्याच्या जिभेला तो कळला होता, कानाला नाही.

हॉटेल बुडाले. 1812मध्येच दिवाळ्याचा अर्ज करावा लागला. कारणे साधी आहेत. ज्या साहेबांना या चवीची ओढ होती, त्यांच्या घरी हिंदुस्थानातून आणलेले खानसामे होते. ते पैसे मोजून बाहेर का जेवतील? ज्यांच्या घरी खानसामा नव्हता, त्यांना ही चव ठाऊक नव्हती. कंपनीच्या व्यापाऱ्यांची बैठकीची कॉफी हाउसे शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. शिवाय सजावटीवर ओतलेला पैसा. पुढच्याच वर्षी याच दीन मुहम्मदने वर्तमानपत्रात दुसरी जाहिरात दिली. ती बटलरची नोकरी हवी म्हणून होती. उमरावांना आमंत्रण देणारा माणूस दोन वर्षांत त्यांच्या टेबलामागे उभा राहायला तयार झाला. आम्हाला सगळ्या हकिकतीत ही ओळ सर्वांत जड वाटते.

पुढे ब्रायटनला त्याने वाफेच्या स्नानाचा आणि चंपीचा धंदा काढला आणि दोन बादशहांचा तो 'शॅम्पूइंग सर्जन' झाला. ते सर्वांना माहीत आहे. 1851मध्ये तो तिथेच वारला. जॉर्ज स्ट्रीटवर त्याच्या हॉटेलची पाटी लागायला 2005 साल उजाडले.

बावर्चीला नाव मिळायला तर आणखी वेळ लागला. दिल्लीच्या 'दम पुख्त'ला ज्यांच्या हाताने कीर्ती मिळाली, ते लखनौचे इम्तियाज कुरेशी यांना 2016मध्ये पद्मश्री मिळाली. 2024मध्ये ते गेले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांची दखल घेतली.

आठवीच्या वर्गात आम्ही दीन मुहम्मदची ही हकिकत सांगितली. एका मुलाचे वडील हॉटेलात तंदूरवर काम करतात. तो उठून म्हणाला, "सर, वो खुद पकाते थे या मालिक थे?"

"मालिक थे," आम्ही म्हणालो.

"फिर पकाता कौन था?"

यादीत पंचवीस पदार्थ आहेत आणि प्रत्येकापुढे किंमत आहे, एवढे आम्ही त्याला सांगितले. मग तास संपल्याची घंटा झाली.