चित्राची घोडी

ईझल हा शब्द डच ‘एझल’वरून आला. त्याचा मूळ अर्थ गाढव. चित्राचे ओझे निमूटपणे पाठीवर घेणारे, म्हणून गाढव. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश भाषांनी त्याच लाकडी आधाराला ‘छोटा घोडा’ म्हटले. सुताराच्या आधाराला घोडी म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नवल वाटू नये.

वस्तू मात्र या नावांहून फार जुनी आहे. इजिप्तमध्ये सक्कारा येथे मेरेरुका या वजिराची इ.स.पू. 2300च्या सुमाराची कबर आहे. तिथल्या कोरीवकामात तो अशाच आधारासमोर बसून वर्षाच्या तीन ऋतूंचे चित्र रंगवताना दिसतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी ऱ्होड्स बेटावरच्या प्रोटोजेनिसच्या चित्रशाळेचा उल्लेख करतो. तिथेही आधारावर एक मोठी फळी चढवलेली होती.

चित्र भिंतीवरच काढायचे, तर चित्रकाराला लागते ती परांची. लाकडी फळीवरची आणि पुढे कॅनव्हासवरची सुटी चित्रे वाढली, तशी युरोपात ईझलची गरज वाढत गेली. त्याची रचना साधी असते. दोन पाय पुढे, एक मागे. तीन पायांचे तिकाटणे उंचसखल जमिनीवरही डगमगत नाही. पुढच्या पायांना ओळीने भोके आणि त्यांत खुंट्या. खुंट्या वरखाली केल्या की चित्राची उंची बदलते. रेम्ब्रांटने 1628च्या सुमारास काढलेल्या एका लहानशा चित्रात असे ईझल जवळजवळ अर्धी खोली व्यापते आणि चित्रकार मागे दूर, छोटासा उभा असतो. ईझलच्या खालच्या आडव्या दांडीचे लाकूड दोन ठिकाणी झिजले आहे. बसून काम करताना पाय टेकून टेकून झालेली ती झीज! एका हत्याराचा इतका प्रेमाने टिपलेला तपशील चित्रकलेत विरळाच.

1841मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराने रंगाच्या धातूच्या नळीचे पेटंट घेतले. रंग बरोबर नेणे सोपे झाले, चित्रकार उघड्यावर काम करू लागले आणि घडी घालून काखेत मारता येणाऱ्या हलक्या ईझलला मागणी आली. रंगपेटीलाच पाय जोडलेले ईझलही निघाले.

भारतात लघुचित्रकार जमिनीवर बसून, गुडघ्यावर किंवा पुढ्यात फळी घेऊन काम करीत. उभ्याने, समोरच्या माणसाकडे पाहत चित्र काढण्याची युरोपीय शिस्त मुंबईत रुजली ती 1857मध्ये सुरू झालेल्या सर जे. जे. कलाशाळेमुळे. तैलरंगासाठी कॅनव्हास उभा किंवा किंचित पुढे झुकलेला बरा, म्हणजे ओल्या रंगावर उजेड चकाकत नाही. जलरंग उभ्या कागदावरून ओघळतात. त्यांच्यासाठी फळी जवळजवळ आडवी करता येईल अशी बिजागरी ईझलला लागते.