मनी गावातलं दुकान

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातल्या मनी गावात ब्रायंट दांपत्याचं किराणा-मटणाचं दुकान होतं. ते चालायचं कापसाच्या शेतात राबणाऱ्या काळ्या मजुरांच्या पैशावर. ऑगस्ट १९५५ मध्ये १४ वर्षांचा एमेट टिल तिथे गेला. दुकानदारणीशी ‘आगाऊपणा’ केल्याचा ठपका ठेवून तिच्या नवऱ्याने आणि सावत्र दिराने त्याला उचलून नेऊन ठार मारलं. गोऱ्या ज्यूरीने तासाभरात दोघांनाही निर्दोष सोडलं.

आपल्याकडे बहिष्कार गाव आपल्यावर टाकतं. तिथे तो काळ्या गिऱ्हाइकांनी टाकला आणि दुकान बंद पडलं.

पुढे इमारत त्याच ज्यूरीतल्या एकाच्या कुटुंबाकडे गेली. २०११ मध्ये नागरी हक्कांच्या स्मारकांसाठीच्या सरकारी अनुदानातून दुरुस्ती मंजूर झाली. कशाची? शेजारच्या पेट्रोल पंपाची! दुकानाच्या भिंती ढासळतच राहिल्या.